देवीचा हक्क आणि सीमाभागातील पाखंड

१

'पाखंड' हा शब्द आज आपण निंदेखेरीज वापरीत नाही. परंतु त्याचा जन्म मात्र निंदेच्या घरी झालेला नाही. सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखात 'पासंड' हा शब्द येतो, तो केवळ 'पंथ' या अर्थाने. सर्व पासंडांचा आदर राखावा, स्वतःच्या पासंडाची स्तुती आणि परक्याची निंदा यांना आवर घालावा, असा त्या लेखाचा आशय आहे. पुढे हा शब्द स्मृतिकारांच्या हाती पडला आणि वेदबाह्य, आचारभ्रष्ट, पंक्तीतून उठविण्यास योग्य अशा मनुष्याचा तो वाचक झाला. शब्दाच्या या घसरणीतच इतिहासाचे एक सूत्र दडलेले आहे. पंथ पुष्कळ असतात. त्यांपैकी पाखंड कोणते, हे निर्णय देण्याचा अधिकार कोणाकडे आहे यावरून ठरते.

ख्रिस्ती जगतात हा अधिकार कोणाचा, याविषयी संदेह नव्हता. इ. स. १२०९ मध्ये दक्षिण फ्रान्समधील एका पंथाचा उच्छेद करण्यासाठी पोपच्या आज्ञेने सैन्य चालून गेले. इतके दूर तरी कशाला जावे? बेळगावाहून घाट उतरला की लागणाऱ्या गोमंतकात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला अल्पसा खंड सोडला तर, इन्क्विझिशनचे न्यायासन चालू होते. तेथे आरोप होते, साक्षी होत्या, तुरुंग होता आणि या सर्वांचे दप्तर होते. घाटमाथ्यावरील आमच्या प्रदेशात असले न्यायासन कधी स्थापन झाले नाही. यावरून आपल्याकडे पाखंड नव्हते, किंवा असले तरी त्याला कोणी उपद्रव दिला नाही, असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. तो ऐकावयास गोड आहे, परंतु आम्हांला तो अपुरा वाटतो.

आपल्याकडील न्यायासन घरात होते. कुलदेवतेचा नवस कोणी नाकारला, देव्हाऱ्यातील टाक कोणी काढून ठेवला, डोक्यात झालेली जट कोणी कापली, तर त्याचा निवाडा घरातील वडीलधारी माणसे, भावकी आणि गाव करीत असे. आणि शिक्षा देण्याचे काम देवीच्या कोपावर सोपविलेले असे. मूल आजारी पडले किंवा गाय दगावली की निकाल लागला. अशा न्यायासनाचे दप्तर राहत नाही. म्हणून आपल्याकडील पाखंडाचा इतिहास शोधावयाचा तर तो संतांच्या आणि पंथांच्या वाङ्मयातून, शिलालेखांतून आणि लोकाचारातून शोधावा लागतो. बेळगाव-निपाणीच्या टापूत तसा शोध घेतला असता एक गोष्ट आमच्या ध्यानी आली, ती वाचकांपुढे ठेवण्याचा येथे विचार आहे. या भूमीतील पाखंड्यांनी देवी आहे की नाही, याचा फारसा वाद घातला नाही. त्यांचा वाद देवीचा मनुष्यावर हक्क किती, याविषयी होता.

२

आमच्या सीमाभागाच्या दोन अंगांना दोन थोर देवीस्थाने आहेत. उत्तरेस कोल्हापूरची महालक्ष्मी, जिला भाविक प्रेमाने अंबाबाई म्हणतात. आणि दक्षिणेस, मलप्रभेच्या खोऱ्यात, सौंदत्तीच्या डोंगरावरील यल्लम्मा, जी मराठी मुलखात रेणुका या नावानेही ओळखली जाते. निपाणी, संकेश्वर, चिकोडी, गडहिंग्लज ही गावे या दोहोंच्या मधोमध वसली आहेत. येथील एकाच घरात एकीची ओटी भरली जाते आणि दुसरीची परडी. घरची भाषा मराठी असो वा कानडी, 'उदो उदो'चा गजर दोन्हीकडे सारखाच.

या देवींची परस्परांशी नाती आहेत आणि ती नेहमीच सलोख्याची नाहीत. कोल्हापूरच्या पूर्वेस टेकडीवर त्र्यंबोलीचे, म्हणजे लोकांच्या टेंबलाईचे, स्थान आहे. दैत्यांशी झालेल्या संग्रामात हिने महालक्ष्मीला साहाय्य केले. परंतु विजयाच्या सोहळ्यात तिला बोलावणे करण्यास महालक्ष्मी विसरली, म्हणून ती रुसून टेकडीवर जाऊन बसली, अशी कथा आहे. हा रुसवा काढण्यासाठी नवरात्रातील ललिता पंचमीस महालक्ष्मीची पालखी आजही त्या टेकडीवर जाते आणि तेथे कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडण्याचा विधी होतो. कथा लहान आहे, पण तिचा गाभा लक्षात घेण्याजोगा आहे. एका देवीचा मान चुकला, त्याचे ऋण झाले आणि ते ऋण दरवर्षी फेडावे लागते. ज्या नियमाने मनुष्य देवीशी बांधला आहे, त्याच नियमाने देवीही देवीशी बांधली आहे.

सौंदत्तीची कथा याहून दारुण आहे. जमदग्नीच्या आज्ञेवरून परशुरामाने मातेचा, रेणुकेचा, शिरच्छेद केला, हा पुराणातला भाग सर्वश्रुत आहे. लोककथा त्याला एक जोड देते. जीव वाचविण्यासाठी धावणाऱ्या रेणुकेला एका मातंग स्त्रीने आसरा दिला. परशुरामाने दोघींचीही शिरे उडविली. आणि पुढे पित्याच्या वराने त्यांना जिवंत करताना शिरांची अदलाबदल झाली. अशा रीतीने दोन देवी झाल्या, यल्लम्मा आणि मातंगी, आणि सौंदत्तीच्या डोंगरावर दोघींनाही स्थान आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' (१९७८) या ग्रंथात वारूळ, मृत्तिका आणि भूमाता यांच्याशी या देवीचे नाते उलगडून दाखविले आहे. तिचे मूळ पुराणांहून जुने असावे, असा त्या विवेचनाचा रोख आहे. पुराणाने तिला ऋषिपत्नी केले; लोकांनी तिला सर्वांची आई म्हणूनच ठेवले.

डोंगरावरील वर्षाचे चक्रही याच कथेवर फिरते. मार्गशीर्षातील पौर्णिमेस जमदग्नीचा वध झाला असे मानून देवीच्या बांगड्या उतरवितात. आमच्याकडे तिला 'रांडाव पुनव' म्हणतात. माघातील पौर्णिमेस देवी पुन्हा सौभाग्यवती होते. ती 'अहेव पुनव'. या चक्रात केवळ प्रेक्षक म्हणून राहता येत नाही. देवीचे वैधव्य ज्यांनी स्वतःच्या अंगावर वागवावयाचे, अशा स्त्रियांचा एक वर्ग या चक्राने निर्माण केला. त्यांच्याकडे आपण पुढे येऊ. तत्पूर्वी या देवीच्या परिसरात जी तीन-चार पाखंडे उभी राहिली त्यांचा विचार केला पाहिजे.

३

सौंदत्तीचे प्राचीन नाव सुगंधवर्ती. तेथे रट्ट वंशाचे राज्य होते आणि पुढे त्यांची राजधानी वेणुग्रामास, म्हणजे बेळगावास आली. या राजांचा जैन धर्माशी घनिष्ठ संबंध होता. सौंदत्तीच्या शिलालेखात मुनिचंद्र या जैन आचार्याचा रट्ट राज्याचा आधार म्हणून गौरव आहे. बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्ती ही चौथ्या कार्तवीर्याच्या काळी, इ. स. १२०४ च्या सुमारास, त्याचा मंत्री बीचिराज याने उभारली. आज ज्या सौंदत्तीचे नाव काढताच यल्लम्मा आठवते, तेथील राजदरबारात एके काळी वेद आणि यज्ञ यांना प्रमाण न मानणाऱ्या धर्माचा आचार्य राजगुरू होता, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांना क्वचितच ठाऊक असते.

जैन मताप्रमाणे तीर्थंकर कोणाला काही देत नाहीत आणि कोणावर कोपत नाहीत. मग आजारी मुलाच्या आईने जावे कोठे? या प्रश्नाला जैनांनी दिलेले उत्तर मोठे चतुर आहे. त्यांनी देवीला नाकारले नाही. तिला तीर्थंकराच्या सेवेत नेमले. पार्श्वनाथाची शासनदेवता पद्मावती, नेमिनाथाची अंबिका. कमलबस्तीत नेमिनाथाची मूर्ती आहे, हे येथे सहज आठवते. या अंबिकेचे दुसरे नाव कूष्मांडिनी, आणि कूष्मांड म्हणजे कोहळा. टेंबलाईच्या कोहळ्याशी तिचे नाते जोडण्याचा मोह अभ्यासकाला पडेल. परंतु नुसत्या नामसादृश्यावर इतिहास रचू नये, म्हणून आम्ही तो मोह आवरतो. सांगावयाचे ते एवढेच की, देवी सेवेत नेमली गेली की तिचा भक्तावरील हक्क मर्यादित होतो. तिला रक्त मागता येत नाही. अहिंसा हा तिच्या स्वामीचा नियम आहे. निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्री पार्श्वनाथाबरोबर क्षेत्रपालाच्या दर्शनाला लोटणारा समुदाय पाहिला म्हणजे ही व्यवस्था किती टिकाऊ ठरली हे कळते.

टिकाऊ ठरली, पण वादातीत ठरली नाही. शासनदेवतांची पूजा करावी की नाही, यावरून दिगंबर जैनांतच तेरापंथी आणि बीसपंथी असे भेद पडले. देवीला चाकरीला ठेवले तरी ती हळूहळू घराची मालकीण होते, असा तेरापंथीयांचा आक्षेप होता. आमच्या भागातील दिगंबर समाज बहुतांशी दुसऱ्या परंपरेचा. म्हणून येथे पद्मावतीचा मान कायम राहिला.

४

बाराव्या शतकात कल्याण येथे महात्मा बसवेश्वर आणि त्यांचे सहकारी शरण यांनी जे पाखंड मांडले, ते मात्र तडजोडीचे नव्हते. शरणाच्या देहावर इष्टलिंग आहे. त्याहून वेगळ्या देवाची, देवळाची, मध्यस्थाची त्याला गरज नाही. ग्रामदेवता, मारी, मसणी, त्यांचे नवस आणि त्यांना दिले जाणारे बळी यांवर वचनकारांनी कठोर प्रहार केले. एकाच पतीशी निष्ठा ठेवणाऱ्या स्त्रीची उपमा ते वारंवार योजतात आणि अन्य देवतेचे भजन हा व्यभिचार ठरवितात. त्यांनी सूतकही मानले नाही. जन्म, मृत्यू, रजस्वला अवस्था, उष्टे आणि जात ही पाचही सूतके त्यांनी नाकारली. हा मुद्दा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विटाळ झाला, मान चुकला, म्हणून देवी कोपली, या समजुतीवर देवीचा हक्क उभा असतो. विटाळच नाही असे म्हटले की त्या हक्काचा पायाच काढून घेतला जातो. वचनकारांच्या मेळ्यात सूळे संकव्वा ही एके काळची वेश्या होती आणि तिचे वचन आजही जपलेले आहे. यावरून समाजाने टाकलेल्या स्त्रीला तेथे कोणत्या पायरीवर बसविले जात होते हे दिसून येईल.

ब्राह्मण मधुवरसाची कन्या आणि चर्मकार हरळय्याचा पुत्र यांच्या विवाहावरून कल्याणात वणवा पेटला. वधूवरांच्या पित्यांना देहान्त शिक्षा झाली, बिज्जल राजाचा वध झाला आणि शरणांची पांगापांग झाली. चन्नबसवण्णा आणि त्यांच्याबरोबरचे शरण उळवीच्या अरण्याकडे निघाले, त्यांची वाट आजच्या बेळगाव जिल्ह्यातून गेली. कादरवळ्ळीस राजाच्या सैन्याशी त्यांची झुंज झाली, असे परंपरा सांगते. बसवेश्वरांच्या पत्नी गंगांबिका यांचे समाधिस्थान मलप्रभेच्या पात्रात, मुक्तखान हुबळी येथे दाखविले जाते. खानापूर तालुक्यातील कक्केरी येथे ढोर कक्कय्या यांची समाधी आहे. कातडी कमावणाऱ्या त्या शरणाच्या नावाने महाराष्ट्रातील ढोर समाज स्वतःला आजही कक्कय्या समाज म्हणवितो. ज्या मलप्रभेच्या काठी यल्लम्मेचा डोंगर आहे, त्याच मलप्रभेच्या काठाने देवीचा हक्क नाकारणारी ही माणसे जीव मुठीत धरून गेली.

पुढे काय झाले? सौंदत्तीच्या यल्लम्मेचे पुजारीपण आज लिंगायत घराण्यांकडे आहे. पाखंडाला आपल्या देशात कोणी जाळत नाही, असे जे म्हणतात, त्यांनी या एका वाक्याचा विचार करावा. मलप्रभेच्या काठी शरण हरले असतील तर ते तलवारीने नव्हेत; काळाच्या ओघात देवीने त्यांच्याच वंशजांना आपल्या गाभाऱ्यात बोलावून घेतले. यात कोणा समाजाला दोष देण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. ज्याला घरदार, शेतीवाडी आणि मुलेबाळे आहेत, त्याला भयाशी तडजोड करावीच लागते, आणि देवीचे माहात्म्य हे पुष्कळ अंशी त्या भयाचेच दुसरे नाव आहे.

५

मराठीच्या वाचकाला जवळचे पाखंड म्हणजे महानुभावांचे. श्रीचक्रधरांच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार स्वतंत्र पदार्थ मानले आहेत. देवता आहेत, त्यांची संख्याही सांगितली आहे, एक्याऐंशी कोटी सव्वा लक्ष दहा. परंतु त्या नित्यबद्ध आहेत. त्यांच्या उपासनेने त्यांच्या मगदुराप्रमाणे फळ मिळते, ते संपते, आणि जीव पुन्हा फेऱ्यात सापडतो. मोक्ष देण्याचे सामर्थ्य केवळ परमेश्वराचे. जैनांनी देवीला सेवेत घेतले, शरणांनी तिला दार बंद केले, महानुभावांनी तिच्या अधिकाराची हद्द आखून दिली, असे थोडक्यात म्हणता येईल.

ही हद्द राजदरबाराला मानवणारी नव्हती. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याच काळी 'चतुर्वर्गचिंतामणी' या ग्रंथाच्या व्रतखंडात वर्षभराच्या शेकडो व्रतांचा विधी लावून देत होता. एकीकडे प्रत्येक तिथीला कोणत्या ना कोणत्या देवतेचे देणे, आणि दुसरीकडे हे देणे मोक्षाच्या कामाचे नाही असे सांगणारा पंथ, असा तो सामना होता. महानुभाव परंपरा आपल्या छळाचा दोष हेमाद्रीच्या माथी मारते, त्याचे मर्म या विरोधात आहे. पुढे या पंथाने आपले ग्रंथ सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले, आणि 'लीळाचरित्रा'सारखा मराठी गद्याचा आद्य ठेवा विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बहुसंख्य मराठी वाचकांच्या दृष्टीआड राहिला. पाखंड ठरण्याची किंमत येथे एका भाषेने आपल्या वाङ्मयाच्या रूपाने मोजली आहे.

चक्रधरांनी आपल्या अनुयायांना कानडी आणि तेलंगी मुलखात न जाता महाराष्ट्रातच राहण्यास सांगितले होते. त्यामुळे मलप्रभेच्या काठी महानुभावांचा मागमूस फारसा लागत नाही. परंतु माहूरच्या डोंगरावर एक मौज दिसते. तेथे रेणुकेचे पीठ आहे आणि महानुभावांना परमपूज्य असलेले दत्तात्रेयांचे स्थानही तेथेच आहे. देवीची हद्द आखणारा पंथ आणि देवी स्वतः, दोघेही एकाच डोंगरावर नांदत आहेत.

चौथी वाट संत एकनाथांची. त्यांनी देवीच्या भक्तांचा वेषच घेतला. जोगवा, गोंधळ ही रूपे जशीच्या तशी उचलली आणि त्यांत आशय पालटून टाकला. जोगतीण दारोदार पीठमीठ मागते. नाथांच्या भारुडातील जोगवा विकार टाकून बोध मागतो. वारकरी संप्रदायाने देवीशी भांडण मांडले नाही, तिच्या शब्दांना नवा अर्थ दिला. हे कार्य थोर खरे. परंतु त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. भारुड ऐकून घरी परतलेल्या श्रोत्याच्या घरात जर मुलीच्या केसांत जट झाली असेल, तर रूपकाचा अर्थ तिच्या उपयोगी पडत नव्हता.

६

आता या जटेविषयी बोलले पाहिजे, कारण सगळ्या पाखंडांची कसोटी तेथे लागते. केस न विंचरल्याने, मळाने, त्वचेच्या रोगाने गुंता होतो. त्याला देवीचे बोलावणे मानीत. घरात मुलगा नाही, दुखणे हटत नाही, अशा वेळीही देवीला मुलगी बोलली जाई. वयात येण्यापूर्वी तिच्या गळ्यात मणी बांधीत, कपाळी भंडारा लावीत, हाती परडी देत, आणि मग ती 'सोडलेली' होई. तिला लग्न नाही, कारण ती देवाची. आणि ती देवाची, म्हणून गावातील धनवंताची, आणि अखेर सांगली, पुणे, मुंबईच्या बाजाराची. मुलगे सोडले तर ते जोगते होत आणि लुगडे नेसून डोक्यावर देवीचा जग वाहत. देवी सर्वांची आई, असे आपण म्हणतो. पण मुलगी मागताना ही आई घर पाहून मागत असे. सधन घरचा नवस साडीचोळीवर फिटे; महार, मांग, ढोर यांच्या घरचा नवस लेकीवाचून फिटत नसे. कथेत मातंगीने रेणुकेला आसरा दिला. व्यवहारात त्या आसऱ्याचा मोबदला मातंगीच्याच लेकींकडून वसूल झाला.

या हक्काला विसाव्या शतकात पुन्हा आव्हान मिळाले. जमखंडीत जन्मलेल्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुरळ्या सोडण्याच्या चालीविरुद्ध आवाज उठविला. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९२० साली कोल्हापूर संस्थानात मुली सोडण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२५ च्या एप्रिलात निपाणीस बहिष्कृत वर्गाच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले होते. १६ जून १९३६ रोजी मुंबईत त्यांनी जोगतिणी, मुरळ्या आणि देवदासी यांच्या सभेत ते जिणे सोडून देण्याचे आवाहन केले. १९५६ साली नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपती आदी देवदेवतांची उपासना करणार नाही, ही प्रतिज्ञा आहे. कल्याणच्या शरणांनंतर आमच्या भागात देवीचे दार इतक्या स्पष्टपणे कोणी बंद केले असेल असे वाटत नाही. या वेळी ते बंद करणारे लोक तेच होते ज्यांच्या लेकी त्या दारातून गेल्या होत्या.

मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला आणि बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात होता. परंतु कायदा कागदावर आणि जट डोक्यावर, अशी स्थिती पुढे पुष्कळ वर्षे राहिली. १९७५ साली गडहिंग्लज येथे देवदासींची परिषद भरली, डॉ. बाबा आढाव, डॉ. अनिल अवचट, प्रा. विठ्ठल बन्ने यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी प्रश्न ऐरणीवर आणला. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आणि विडीच्या कामात राबणाऱ्या स्त्रियांतही देवदासी होत्या. मजुरी मागता मागता त्या मनुष्यपणाचा अधिकारही मागू लागल्या. जट कापण्याचे कार्यक्रम झाले. वरवर पाहता ते केवळ केशकर्तन. पण ज्या स्त्रीने आयुष्यभर त्या केसांत देवी राहते असे मानले, तिने कातरीखाली मान देणे हे कोणत्याही तत्त्ववेत्त्याच्या खंडनाहून लहान धाडस नव्हे. मराठी कादंबरीनेही या जिण्याची दखल १९८० नंतरच्या दशकात घेतली. उत्तम बंडू तुपे यांची 'झुलवा' आणि राजन गवस यांच्या 'चौंडकं' व 'भंडारभोग' या कृती वाचकांच्या परिचयाच्या आहेत.

कर्नाटक राज्याने १९८२ साली समर्पणबंदीचा कायदा केला. महाराष्ट्राचा नवा कायदा २००५ सालचा. कर्नाटकाच्या कायद्यातील एक तरतूद आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. स्त्रीची संमती असो वा नसो, समर्पण बेकायदेशीर. येथे विधिमंडळाने देवी आहे की नाही, तिची पूजा करावी की नाही, याविषयी अवाक्षर काढले नाही. तिचे देऊळ, तिची यात्रा, तिची परडी, सर्व जागच्या जागी राहिले. काढून घेतला तो एक हक्क, मनुष्य मागण्याचा. चक्रधरांनी आखलेली हद्द, शरणांनी नाकारलेला विटाळ, जैनांनी देवीला घातलेला अहिंसेचा नियम, या सर्वांचे सार या एका कलमात उतरले आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. ज्या राज्याने हे कलम लिहिले त्याला या पूर्वजांचे स्मरण होते की नाही, हा प्रश्न गौण आहे.

७

येथे एक आक्षेप संभवतो. देवीची भक्ती ही असंख्य कष्टकऱ्यांचा आधार आहे; तिच्या डोंगरावर कानडी आणि मराठी, सवर्ण आणि दलित एकत्र जमतात; राज्यांच्या सीमेवरून माणसे भांडली तरी देवीच्या वाटेवर कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या गाड्या अडत नाहीत; मग या भक्तीविरुद्धच्या बंडांचा एवढा गौरव कशासाठी? आक्षेपातील पूर्वार्ध आम्हांला मान्य आहे. सौंदत्तीहून यात्रा परतल्यावर कोल्हापुरात आंबील-भाकरीचा जो नैवेद्य होतो, त्या पंक्तीचा गोडवा नाकारणारा मनुष्य अरसिक म्हणावा लागेल. परंतु आईपणाचा गौरव करणाऱ्याने आईला लेकीचा बळी शोभतो काय, हेही विचारले पाहिजे. आमच्या मते पाखंड्यांनी देवीचा अपमान केला नाही. तिच्या नावावर इतरांनी चढविलेले कर्ज त्यांनी अमान्य केले.

दुसरा मुद्दा शिक्षकांचा आहे. 'लीळाचरित्र' आपण मराठीचा आद्य गद्यग्रंथ म्हणून शिकवितो, भारुड हा रचनाप्रकार म्हणून शिकवितो, बसवेश्वरांची जयंती साजरी करतो, कमलबस्तीस सहल नेतो. या चारही गोष्टी विद्यार्थ्यांच्या मनात चार वेगळ्या कप्प्यांत पडून राहतात. त्यांना जोडणारा प्रश्न, देवतेच्या नावाने मनुष्याकडून काय मागता येते आणि काय मागता येत नाही, हा आपण वर्गात उच्चारीत नाही. तो उच्चारण्यास आपण कचरतो, कारण समोर बसलेल्यांपैकी एखाद्याच्या आजीच्या गळ्यात ते मणी असतील. आम्हांला वाटते, नेमके म्हणूनच तो उच्चारला पाहिजे. ज्या मुलाला शाळेच्या दारात वडिलांचे नाव विचारले गेले आणि जवळ देण्यास नाव नव्हते, त्याला त्याच्या आजीची कहाणी लाजिरवाणी नसून ती एका दीर्घ झगड्याचा भाग आहे, हे कळण्याचा अधिकार आहे.

कर्नाटक शासनाने १९९३-९४ आणि २००७-०८ साली केलेल्या दोन पाहण्यांत मिळून राज्यभरात सेहेचाळीस हजारांहून अधिक देवदासींची नोंद झाली. पहिला कायदा होऊन सत्तर वर्षे लोटल्यानंतरचा हा आकडा आहे. घरातील न्यायासन कायद्याने उठत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? ते उठते घरातच, कोणी एकाने 'आमची मुलगी देणार नाही' असे म्हटल्यावर. बाराव्या शतकापासून या खोऱ्यात हे वाक्य निरनिराळ्या भाषांत, निरनिराळ्या पंथांच्या नावाने बोलले गेले आहे. आणि ते बोलणाऱ्या माणसांना ज्यांनी पाखंडी म्हटले, त्यांनी नकळत अशोकाच्या काळचा त्या शब्दाचा मान त्याला परत मिळवून दिला आहे.